म्हातारी उठून उभी का राहिली

इंग्रजीच्या पेपरात मला पहिल्या खेपेला एकतीस आणि दुसऱ्या खेपेला तेहतीस गुण मिळाले होते. पास व्हायला पस्तीस लागत. दर खेपेला दोन गुणांनी चढायचं असं धरलं तर तिसऱ्या खेपेला बरोबर पस्तीस येणार होते. हा हिशेब मी बायकोला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग अभ्यास कशाला करताव? बसून ऱ्हावा की."

बसून राहणं शक्य नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पिंगळीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो, वय चौतीस, आणि बी.ए.ला बाहेरून बसलो होतो. बाकी सगळे विषय सुटले होते, हा एकच अडकला होता. परभणीच्या एका हायस्कूलच्या हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं, "जूनपर्यंत जागा तुमच्यासाठी ठेवतो. निकाल दाखवा, ऑर्डर घ्या. जून उलटला की मी मोकळा." त्याच जूनपासून अभ्यासक्रमही बदलणार होता. म्हणजे ही खेप हुकली की जागा जाणार होती आणि पुन्हा नव्या पुस्तकांपासून सुरुवात करावी लागणार होती.

मला नडत होती ती एक कादंबरी. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची. गुलामगिरी कायद्यानं बंद होऊन चाळीस वर्षं झालेली असतात. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी एक म्हातारी स्वतःच्या घरात राहत असते. तिच्यावर आता कुणाचा हुकूम चालत नाही. तरी कुठं घंटा वाजली की ती दचकते, उशाखाली पावाचा तुकडा ठेवून झोपते, आणि फाटकाबाहेर पडताना कुणाला तरी विचारायचं राहिलं म्हणून परत फिरते. एवढं मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते पहिल्या एकसष्ट पानांत होतं. पुस्तक तीनशे अठरा पानांचं होतं. पहिल्या वर्षी मी डिक्शनरी घेऊन एकसष्टाव्या पानापर्यंत गेलो, दुसऱ्या वर्षी चौऱ्याण्णवाव्या. वर्षाला तेहतीस पानं पुढं. या चालीनं शेवटचं पान गाठायला आणखी जवळजवळ सात वर्षं लागणार होती आणि हेडमास्तर तितके दिवस थांबणार नव्हते.

म्हणून मी गाइड आणलं. गाइडमध्ये चोवीस प्रकरणांचे चोवीस सारांश होते, प्रत्येकी तीन पानं, एकूण बहात्तर. प्रत्येक सारांशाखाली मुद्दे, आणि शेवटी अपेक्षित प्रश्न. पुस्तक न वाचता पुस्तकाबद्दल लिहायचं हे मनाला पटत नव्हतं. पण परभणीच्या रविवारच्या वर्गातली पोरं या बाबतीत फार चोख बोलत. ती "कादंबरी वाचली" असं कधीच म्हणत नसत. "कादंबरी केली" म्हणत. मीही तेव्हापासून कादंबरी करायला लागलो.

त्या वर्गाला मी पॅसेंजरनं जात असे. शिकवणारे सर टिपणं सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. दुसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की सर बोलतात ते माझ्या पिशवीतल्या गाइडमध्ये शब्दाला शब्द आहे. सांगायची हिंमत झाली नाही. पण गाइडमध्ये दुसऱ्या प्रकरणात म्हातारीचं वय बासष्ट होतं आणि नवव्यात सत्तावन्न. सरांनी दोन्ही वयं तशीच सांगितली तेव्हा मात्र मला राहवेना. मी उभा राहून विचारलं, "सर, सात प्रकरणांत बाई पाच वर्षांनी लहान कशी झाली?"

सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, साहित्यात गणित आणू नका."

पोरं हसली. मी वहीत दोन्ही वयं लिहून घेतली आणि पुढं प्रश्नचिन्ह केलं.

घरी अभ्यासाची माझी वेळ सकाळी सात ते आठ. त्या वेळी बायको चुलीपुढं भाकऱ्या करत असे आणि माझे वडील उंबऱ्याजवळ बसून अंबाडीची दोरी वळत असत. आबांना वळायला दोरी लागेच. घरात जनावर एकही नव्हतं, पण दावी नऊ होती. मी सारांशाचा एक परिच्छेद इंग्रजीत मोठ्यानं म्हणायचो आणि तोच मराठीत सांगायचो, म्हणजे डोक्यात बसतो. रोज एक प्रकरण. बायको चौथी शिकलेली. तिला गोष्ट आवडली. दोन दिवसांत ती प्रश्न विचारायला लागली.

"मालक मरून किती वर्सं झाली हिच्या?"

"एकतीस."

"आन् आजून भेती? लय मारकुटा आसंल मुडदा."

"होय. चाबकानं मारायचा."

"लेकरं किती?"

मी गाइड चाळून सांगितलं, "मालकाला दोन. हिला तीन."

"आस्सं," ती भाकरी उलटत म्हणाली. "म्हंजी दुसरी केली व्हती तेनं."

मला हे नीट कळलं नाही, पण आठ वाजत आले होते. मी पुढचा मुद्दा घेतला.

ही गोष्ट बायकोनं शेजारी सांगितली. शेजारी रेल्वेच्या गँगमनचं घर होतं. चौथ्या दिवसापासून गँगमनची बायको सकाळी सातला सूप आणि ज्वारी घेऊन आमच्या दारात पाखडायला बसू लागली. सुपाच्या आवाजात माझं इंग्रजी बुडायचं, पण मराठी सुरू झालं की सूप थांबायचं. एक दिवस तिनं मला थेट विचारलं, "मास्तर, त्या बाईला मालकानं टाकलं का तीच निघून आली?"

"तसं नाही," मी म्हणालो. "कायदा झाला. कायद्यानं मोकळी केली."

"बया! कोर्टात गेली व्हय!" ती माझ्या बायकोकडं वळली. "बघ. म्हातारी दिसती, पर हाय खमकी."

"मंग? आपल्यावानी हाय का?" बायको म्हणाली.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला आठव्या प्रकरणाला. त्या दिवशी शेजारीण आली नाही म्हणून मी सहज विचारलं. बायको म्हणाली, "तिचे मालक रातपाळीहून आलेत. झोपू देत न्हाईत तिला, चहा कर म्हनतेत."

मी गाइड मिटलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालक म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझी स्वतःची बायको दुकानात माझी वही मागताना "आमच्या मालकाची" म्हणून मागायची. पण गाइड हातात असलं की माणसाला घरचं ऐकू येत नाही. आठ दिवस, आठ प्रकरणं, या दोघी बायका एका मारकुट्या नवऱ्याची गोष्ट ऐकत होत्या.

"अगं, मालक म्हणजे नवरा नव्हे!"

"मंग कोन?"

"मालक म्हणजे... धनी."

"धनी म्हंजी नवराच की."

मी विचार केला. निजामाच्या वेळची उर्दू थोडी डोक्यात होती. "खाविंद," मी म्हणालो.

"माझी आजी आजोबाला खाविंदच म्हनायची," बायको म्हणाली. "आवो, तीन शब्द काढले तुमी, तिन्ही नवरेच निघाले. मी काय समजावं?"

चौथा शब्द 'स्वामी' मनात आला होता, पण तोही त्याच घरचा निघाल्यावर मी तो काढलाच नाही. शेवटी नीट समजावून सांगितलं. हा माणूस तिचा कुणी नाही. त्यानं तिला बाजारात विकत घेतली होती, जनावर घेतात तशी, दात बघून.

बायकोनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "म्हंजी इतके दिस मी तिच्या नवऱ्याला शिव्या घातल्या, त्यो बिचारा येगळाच! त्यो कुठं हाय?"

"त्याला तिसऱ्या प्रकरणात विकला. तू तेव्हा पाण्याला गेली होतीस."

"इकला?"

"होय. दुसऱ्या गावच्या मालकाला. मुद्दा क्रमांक दोन."

तव्यावरची भाकरी करपली. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि तिच्या हातची करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी तिसरं प्रकरण पाठ करून पाच दिवस झाले होते. नवऱ्याला विकल्याचा मुद्दा मला न अडखळता येत होता.

उंबऱ्यापाशी आबा हसत होते. दोरी न थांबवता म्हणाले, "मला पहिल्याच दिसी कळलं व्हतं. मालक म्हंजी मालक. पाटील."

आबांनी आमच्या मूळ गावी एका पाटलाकडं बावीस वर्षं साल घातलं होतं. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. तिथंही शब्द तोच होता, पण त्याचा अर्थ नवरा नव्हता.

"मग मामा, तुमी बोलला का न्हाई?" बायकोनं विचारलं. सासऱ्याला ती मामा म्हणे.

"तुमच्या दोघींचं बरं चाललं व्हतं," आबा म्हणाले. "तेला शिव्या पडायल्यात, पडू द्या म्हनलं."

त्या दिवसापासून गोष्ट नव्यानं सुरू झाली. शेजारणीला सगळं पुन्हा सांगावं लागलं. कोर्टाचं खोटं निघाल्यावर ती जरा नाराज झाली. पण पाखडायला येत राहिली.

परीक्षेच्या आधी नऊ दिवस चोविसावं प्रकरण आलं. त्यात मेलेल्या मालकाचा नातू म्हातारीच्या घरी येतो आणि आजोबाच्या वतीनं माफी मागतो. गाइडमध्ये वाक्य होतं: नातू आत येताच म्हातारी उठून उभी राहते. त्याखाली, ती का उभी राहते याची सात कारणं. अपेक्षित प्रश्नांत या प्रश्नापुढं तीन फुल्या होत्या. तीन फुल्या म्हणजे येणारच. मी सातही कारणं म्हणून दाखवली. पहिलं, तिच्या मनाचा मोठेपणा. दुसरं, पाहुण्याचा आदर. तिसरं, क्षमा. अशी सात.

दोरी थांबली.

"आदर कशाचा?" आबा म्हणाले. "पाय उठतेत. ती न्हाई उठत."

"म्हणजे?"

"गेल्या साली टेसनावर काय झालं, तुला सांगितलं न्हाई म्या. बाकावर बसलो व्हतो. पाटलाचा नातू आला. कालीजात हाय आता, ते पायात घोळणारी पँट घालतंय. आला नळावर पानी प्यायला. म्या उठलो."

"ओळखलं का त्यानं?"

"कशाचं वळखतंय! मी गाव सोडलं तवा ते पाळण्यात व्हतं. मला म्हनतंय, बसा ना काका. म्या म्हनलं, बसूनच व्हतो की रं." ते गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. "धरम बदलला तवा घरातले देव एका सकाळीत गंगेत सोडले. कुनाला इचारलं न्हाई. पर हे गुडघे आजून पाटलाकडंच सालानं हायेत."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "ह्यो मुद्दा हाय का त्यात?"

मी सातही कारणं पुन्हा वाचली. "नाही."

"मंग आठवा घाला."

"गाइडमध्ये सातच आहेत," मी म्हणालो, आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठलो.

परीक्षेला परभणीला गेलो. प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न होता. तीन फुल्यांवाला, पंधरा गुणांना. माझ्या हिशेबानं त्याला चोवीस मिनिटं होती. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हातारी सात कारणांनी उभी राहते. आणि एकापासून सुरू केलं. सहा लिहून झाली. सातवं आठवेना. डोळे मिटले, चूल आठवली, सुपाचा आवाज आठवला, पण सातवं कारण काही येईना. एवढ्यात नऊ मिनिटं गेली. दुसरा कुणी असता तर त्यानं वर जाऊन सातचे सहा केले असते. पण मी परत वाचलं तेव्हा उरलेल्या सहांतलंही एकही मला खरं वाटेना. आबा नळापाशी उभे आहेत आणि कुणीतरी त्यांना मनाचा मोठेपणा म्हणून गुण देतंय, असं काहीतरी दिसायला लागलं.

मी सहाही कारणांवर आडवी रेघ मारली. उरलेल्या पंधरा मिनिटांत एकच कारण लिहिलं. माझ्या इंग्रजीत ते साधारण असं उतरलं: सुटकेचा कायदा तिच्या कानांपर्यंत आला होता, गुडघ्यांपर्यंत आला नव्हता. ती उभी राहिली नाही, तिचे पाय उभे राहिले. पुढं टेसन, बाक आणि नळ घालावासा वाटला. पण अमेरिकेत त्या काळी टेसनावर नळ होता की नाही याची खात्री नव्हती म्हणून सोडून दिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सहा खोडले आन् एक लिवला? गणित शिकवताव ना वो तुमी?"

दीड महिना झोप नीट लागली नाही. आबांना मी काय लिहिलं ते सांगितलं नाही. निकालाची यादी परभणीत लागली त्या दिवशी मी दोनदा नंबर पाहिला, मग शेजारी उभ्या असलेल्या एका पोराला पाहायला लावला. बेचाळीस. श्रेढी मोडली होती. मला दर खेपेला दोन या प्रमाणानं पस्तीसच अपेक्षित होते, सात जास्त कुठून आले ते कळेना. हेडमास्तरांनी ऑर्डर दिली आणि जूनमध्ये मी हायस्कूलात रुजू झालो.

आता कादंबरीची काही गरज नव्हती. पण मी हायस्कूलात इंग्रजी शिकवत होतो, आणि न वाचलेल्या पुस्तकावर पास झालो आहे ही गोष्ट मला टोचत होती. मी वाचनालयातून ती पुन्हा आणली, दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून घेतली आणि डिक्शनरी घेऊन पाच महिन्यांत शेवटच्या प्रकरणाला पोचलो. म्हातारीचं वय सगळीकडं बासष्टच होतं. मग तीनशे अकरावं पान आलं. नातू दारात येतो. पुढचं वाक्य: ती उठली. मी हे वाक्य तीनदा वाचलं, कारण त्याच्या आधीच्या वाक्यात म्हातारी नव्हतीच. तिथं म्हातारीची नात होती. उठली ती नात. म्हातारी बसलेली होती. पुढच्या ओळीत बसलेली होती, पुढच्या पानावर बसलेली होती, आणि नातू टोपी हातात घेऊन उभा होता. गाइडवाल्यानं घाईत 'ती' म्हणजे म्हातारी धरली होती. तीन फुल्या, सात कारणं, आमच्या सरांची टिपणं, पेपर काढणाऱ्याचा प्रश्न आणि माझे बेचाळीस गुण, सगळं त्या एका 'ती'वर उभं होतं.

मी हिशेब केला. त्या उत्तराला मला नऊ मिळाले असतील असं धरलं तर उरतात तेहतीस. म्हणजे मी नापास होतो.

बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता काय, नोकरी परत नेऊन देताव?"

"तसं नाही, पण..."

"ज्यानं प्रश्न काढला तेनं वाचलं व्हतं का?"

"नसावं."

"ज्यानं तपासला तेनं?"

"तेही नसावं."

"मंग सगळ्यात तुमीच एकले वाचून बसलाव. गप ऱ्हावा."

पण आबांना सांगणं भाग होतं. गुण त्यांचे होते. ते दारात बसले होते. मी पुस्तक घेऊन शेजारी बसलो, परीक्षेत काय लिहिलं ते आधी सांगितलं, मग म्हणालो, "पण आबा, ती उठलीच नव्हती."

"कोन?"

"ती म्हातारी. उठली ती नात. गाइड चुकलं. म्हातारी बसूनच राहिली."

"मालकाचा नातू म्होरं उभा?"

"हो."

"आन् ही बसूनच?"

"बसूनच."

"किती येळ?"

"चार पानं."

"पानं नगं सांगू, येळ सांग."

मी अंदाज केला. नातू बोलतो, थांबतो, रडतो, परत बोलतो. "पाऊण तास तरी."

आबांनी दोरी मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल, आपलं कारण चुकलं म्हणून. पण त्यांचा चेहरा गावातल्या कुणाचं तरी पोरगं नोकरीला लागल्याची बातमी ऐकावी तसा झाला होता.

"जमलं म्हन की तिला," ते म्हणाले. मग माझ्याकडं सरकले. "कशावर बसली व्हती? भुईवर का खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

"टेकून?"

ते मला आठवेना. मी तीनशे अकरावं पान काढलं, मग तीनशे बारावं. तिथं खुर्चीच्या पाठीबद्दल एक वाक्य होतं आणि त्यात एक शब्द मला अडला. मी आत जाऊन डिक्शनरी आणली, दारातल्या उजेडात धरली आणि तो शब्द शोधला.

"टेकून," मी म्हणालो.

"ऐकलं का गं," आबांनी सुनेला हाक मारली, "पाठ टेकून!"